लक्ष्मीपूजन ते अक्षय्यतृतीया : मुहूर्ताच्या पैशाची राखण

आश्विन अमावास्येच्या सायंकाळी चौरंगावर अक्षतांचे अष्टदल रेखून त्यावर लक्ष्मीची स्थापना होते. धणे, गूळ, साळीच्या लाह्या आणि बत्तासे यांचा नैवेद्य दाखविला जातो. व्यापाऱ्याच्या पेढीवर वहीचे पूजन होते; नोकरदाराच्या घरी चार नाणी, एखादा दागिना आणि बँकेचे पासबुक ताटात ठेवून त्यावर हळदकुंकू वाहिले जाते. या पूजेत लक्ष्मीच्या शेजारी आणखी एका देवतेला मान आहे. ती देवता म्हणजे कुबेर. लक्ष्मी ही संपत्तीची अधिष्ठात्री, तर कुबेर हा देवांचा कोषाध्यक्ष, निधींचा राखणदार. संपत्ती मिळविणे ही एक विद्या आणि ती योग्य वेळेपर्यंत राखणे ही दुसरी विद्या, हे आपल्या पूर्वजांनी एकाच चौरंगावर दोन देवता बसवून सुचविले आहे.

या दुसऱ्या विद्येची कसोटी लागते ती विशिष्ट प्रकारच्या पैशाच्या बाबतीत. तुळशीचे लग्न लागले की विवाहाचे मुहूर्त सुरू होतात. कोणाच्या घरी वैशाखात मुलीचे लग्न असते, तर कोणाला अक्षय्यतृतीयेच्या मुहूर्तावर नव्या घराची रक्कम भरावयाची असते. वर्षानुवर्षे साठविलेला पैसा हातात आलेला असतो. खर्चाचा दिवस ठरलेला असतो. मध्ये उरतात ते थोडे महिने. या थोड्या महिन्यांत हा पैसा कोठे ठेवावा? प्रश्न साधा वाटतो. परंतु आयुष्यभराची पुंजी बुडाल्याच्या किंवा अडकल्याच्या अनेक हकिकती याच थोड्या महिन्यांत घडल्या आहेत.

धर्मशास्त्रातील निक्षेप

दुसऱ्याच्या स्वाधीन केलेल्या ठेवीचा विचार आपल्या धर्मशास्त्राने फार बारकाईने केला आहे. मनुस्मृतीत राजाने निवाडा करावयाची जी अठरा व्यवहारपदे सांगितली आहेत, त्यांत पहिले ऋणादान आणि दुसरे निक्षेप होय. याज्ञवल्क्यस्मृतीत उपनिधीचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि कौटिलीय अर्थशास्त्रातही त्याची सविस्तर चर्चा आढळते. ठेव कोणाकडे ठेवावी, याचे उत्तर मनूने दिले आहे. ज्याचे कुल चांगले, आचरण शुद्ध, वाणी सत्य, गोतावळा मोठा आणि स्वतःची सांपत्तिक स्थिती भक्कम, अशा धर्मज्ञ माणसाकडे ती ठेवावी. अधिक मोबदला देईल त्याच्याकडे ठेवावी, असे काही तेथे सांगितलेले नाही.

यातील एक भेद आजच्या गृहस्थाने विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. निक्षेप म्हणून ठेवलेली वस्तू राखणाऱ्याने वापरावयाची नसते. जशी घेतली तशीच ती परत करावयाची असते. ऋण म्हणून दिलेला पैसा मात्र घेणारा वापरतो आणि व्याजासह फेडतो. बोलताना आपण बँकेतील रकमेला ठेव म्हणतो. पण बँक ती रक्कम इतरांना कर्जाऊ देते आणि म्हणूनच आपल्याला व्याज मिळते. कायद्याच्या दृष्टीने ठेवीदार हा बँकेचा धनको असतो. म्हणजे नावाने निक्षेप असला, तरी स्वरूपाने तो ऋणादानाचा व्यवहार आहे. खऱ्या अर्थाने निक्षेप म्हणावा असा बँकेतील भाग म्हणजे लॉकर. परंतु लॉकर दागिने आणि कागदपत्रे यांसाठी असतो, त्यात रोख रक्कम ठेवण्यास करारानेच मनाई आहे. व्याज जितके अधिक, तितके आपले धन दुसऱ्याच्या धाडसात अधिक गुंतलेले, हे सूत्र या भेदातून आपोआप निघते.

एकशे ऐंशी दिवसांचा हिशेब

मुहूर्त ठरलेल्या पैशाचे काम एकच. ठरलेल्या दिवशी त्याने पूर्णपणे हाती यावे. व्याज हे त्या पैशाचे मुख्य फळ नव्हे, हे एका साध्या हिशेबाने कळून येईल. समजा, चार लाख रुपये सहा महिन्यांसाठी ठेवावयाचे आहेत आणि एक ठिकाण दुसऱ्यापेक्षा दोन टक्के अधिक व्याज देऊ करते. सहा महिन्यांतील फरक चार हजार रुपयांचा होतो. या चार हजारांसाठी चार लाखांची आणि त्यांवर अवलंबून असलेल्या लग्नाची वा घराची जोखीम पत्करावी काय, हा विचार पतिपत्नींनी एकत्र बसून करावा. दहा-पंधरा वर्षे पडून राहणाऱ्या पैशाच्या बाबतीत दोन टक्क्यांना निश्चितच मोल आहे. सहा महिन्यांच्या पैशाच्या बाबतीत ते फार थोडे आहे.

दुसरा हिशेब पंचांगाचा. लक्ष्मीपूजनापासून अक्षय्यतृतीयेपर्यंत कार्तिक ते चैत्र असे सहा चांद्रमास आणि वर तीन तिथी भरतात. मध्ये अधिक मास आला नाही, तर हा काळ सुमारे १८० दिवसांचा होतो. उदाहरणार्थ, २०२४ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला झाले आणि पुढील अक्षय्यतृतीया ३० एप्रिल २०२५ रोजी आली. मधले अंतर बरोबर १८० दिवसांचे. इंग्रजी सहा महिने मात्र १ मे रोजी पुरे होतात. लक्ष्मीपूजनानंतर कोणी सवयीने सहा महिन्यांची मुदत ठेव केली, तर ती मुहूर्त टळल्यावर मुदतीस येईल. बँकेत ठेवीची मुदत महिन्यांप्रमाणेच दिवसांतही सांगता येते. कमीत कमी मुदत सात दिवसांची असते. म्हणून पंचांग समोर ठेवून मुहूर्ताच्या आठ-दहा दिवस आधी संपेल अशी मुदत मागावी. मुदतीनंतर ठेव आपोआप पुढे चालू न ठेवता रक्कम बचत खात्यात जमा करावी, अशी स्पष्ट सूचना अर्जातच लिहून द्यावी.

घरातील तिजोरी

पैसा डोळ्यांसमोर असावा, ही भावना जुनी आहे आणि स्वाभाविक आहे. पूर्वी माजघरातील फडताळ, धान्याची कणगी किंवा भुईत पुरलेला हंडा हीच बँक होती. चोरी, आग आणि वाळवी ही संकटे तेव्हाही होती. आपल्या पिढीने त्यांत आणखी एक पाहिले. २०१६ साली लक्ष्मीपूजन ३० ऑक्टोबरला झाले. त्यानंतर नवव्या दिवशी, ८ नोव्हेंबरच्या रात्री, पाचशे आणि हजार रुपयांच्या नोटा चलनातून रद्द झाल्याची घोषणा झाली. पूजेच्या ताटातील नोटांसह घरोघरीच्या नोटा बदलण्यासाठी लोकांना रांगा लावाव्या लागल्या.

शिवाय मोठ्या खरेदीत रोख पैशाचा उपयोगही आता मर्यादित झाला आहे. एका व्यवहारापोटी दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास २०१७ पासून आयकर कायद्याने मनाई आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात तर वीस हजार रुपये वा अधिक रक्कम रोखीने आगाऊ घेण्यास २०१५ पासून बंदी आहे. तेव्हा घरात सणावाराच्या आणि आजारपणाच्या गरजेपुरती रोकड ठेवावी. मुहूर्ताची रक्कम घरात ठेवू नये.

बँकेतील ठेव आणि पाच लाखांची मर्यादा

१९६० साली देशात दोन बँका बुडाल्या. त्यांतील एक केरळातील पालई सेंट्रल बँक. दुसरीचे नावच लक्ष्मी बँक होते. देवतेच्या नावाने व्यवहार सुरक्षित होत नाही, याचे याहून बोलके उदाहरण मिळणार नाही. या आघातानंतर ठेवींच्या विम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून ही व्यवस्था सुरू झाली. आज ती पाहणाऱ्या महामंडळाच्या हिंदी नावात धर्मशास्त्रातील जुना शब्द जसाच्या तसा आहे : निक्षेप बीमा और प्रत्यय गारंटी निगम. आरंभी प्रत्येक ठेवीदारास दीड हजार रुपयांपर्यंत संरक्षण होते. १९९३ मध्ये ते एक लाख झाले आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये आहे.

या पाच लाखांचा अर्थ नीट समजून घ्यावा. ही मर्यादा एका बँकेतील एका ठेवीदारास आहे, प्रत्येक खात्यास नाही. एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील बचत, चालू आणि मुदत ठेवी एकत्र मोजल्या जातात. मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख धरले जातात. म्हणून ठेव पूर्ण पाच लाखांची न करता व्याजाला जागा राहील इतकी कमी करावी. पतीच्या एकट्याच्या नावावरील ठेव, पत्नीच्या एकटीच्या नावावरील ठेव आणि दोघांचे संयुक्त खाते यांचा विमा मात्र स्वतंत्रपणे मोजला जातो. विम्याचा हप्ता बँक भरते. ठेवीदाराला काही द्यावे लागत नाही. व्यापारी बँकांप्रमाणेच नागरी, जिल्हा आणि राज्य सहकारी बँकाही या व्यवस्थेत येतात.

विमा असला तरी वेळेचा प्रश्न राहतोच. २३ सप्टेंबर २०१९ रोजी, घटस्थापनेस सहा दिवस असताना, पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. प्रारंभी प्रत्येक ठेवीदारास केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. ती पुढे टप्प्याटप्प्याने वाढली. परंतु त्या दिवाळीत आणि त्यानंतरच्या लग्नसराईत ज्यांचा पैसा तेथे होता, त्यांच्यावर काय प्रसंग ओढवला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. जानेवारी २०२२ मध्ये त्या बँकेचे दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झाले आणि पाच लाखांवरील रकमा दहा वर्षांपर्यंतच्या टप्प्यांत देण्याचे ठरले. दरम्यान २०२१ मध्ये कायद्यात सुधारणा होऊन, असे निर्बंध आल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद झाली. हा मोठाच दिलासा होय. तथापि वैशाखातील लग्नासाठी ९० दिवस हाही मोठा काळ आहे. म्हणून रक्कम मोठी असल्यास ती दोन किंवा तीन भक्कम बँकांत विभागावी. एका ठिकाणी अडचण आली तरी कार्य थांबू नये.

बचत खाते की मुदत ठेव, हा पुढचा प्रश्न. २०२५ च्या मध्यापासून अनेक मोठ्या बँकांनी बचत खात्यावरील व्याज अडीच टक्क्यांवर आणले. मुदत ठेवीस त्याहून बरा दर मिळतो आणि गरज पडल्यास थोडे व्याज सोडून ती मुदतीपूर्वी मोडता येते. एक कोटी रुपयांपर्यंतच्या वैयक्तिक ठेवींस ही सोय देणे बँकांवर बंधनकारक आहे. एकाच मोठ्या पावतीऐवजी दोन-तीन लहान पावत्या कराव्यात. अडीअडचणीला एक मोडावी लागली, तर बाकीच्यांचे व्याज शाबूत राहते. जो खर्च महिन्याभरातच यावयाचा आहे, त्याची रक्कम मात्र बचत खात्यातच असू द्यावी.

टपाल कार्यालय

१८८२ पासून चालत आलेली टपाल खात्याची बचत बँक आजही अनेक घरांचा पहिला विश्वास आहे, आणि तो सार्थ आहे. येथील ठेवींच्या मागे प्रत्यक्ष भारत सरकार उभे असल्याने पाच लाखांच्या मर्यादेचा प्रश्नच येत नाही. टपालाच्या बचत खात्यावर २०११ च्या अखेरीपासून चार टक्के व्याज आहे. थोड्या महिन्यांच्या पैशासाठी हे खाते उत्तम.

टपालाच्या मुदत ठेवीबाबत मात्र सावध असावे. तिची किमान मुदत एक वर्षाची आहे. पहिले सहा महिने ती मोडताच येत नाही. सहा महिन्यांनंतर आणि वर्षाच्या आत मोडल्यास केवळ बचत खात्याच्या दराने व्याज मिळते. वर सांगितलेला १८० दिवसांचा हिशेब येथे पुन्हा आठवावा. लक्ष्मीपूजनानंतर केलेली टपालाची मुदत ठेव अक्षय्यतृतीयेला हाती येणार नाही. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, किसान विकास पत्र, भविष्य निर्वाह निधी या योजना दीर्घ पल्ल्याच्या आहेत. मुहूर्ताचा पैसा त्यांत अडकवू नये.

पतसंस्था, भिशी आणि सराफाची योजना

गावोगावच्या पतसंस्थांनी लहान माणसाला मोठा आधार दिला, हे नाकारता येणार नाही. परंतु पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तेथील ठेवींना वर सांगितलेले विमासंरक्षण नाही. दर अधिक असतो, संचालक ओळखीचे असतात, वसुलीला घरी येणारा माणूस नात्यातला असतो. या सर्वांमुळे विश्वास बसतो. पण मुहूर्ताच्या रकमेसाठी तो पुरेसा नाही. शेजारणींनी मिळून चालविलेल्या भिशीचेही तसेच. ती स्नेहाच्या बळावर चालते, आणि स्नेहाला कायद्याचा आधार नसतो.

सराफाकडील मासिक हप्त्यांच्या योजना बहुधा अकरा महिन्यांच्या असतात. यामागे कारण आहे. वस्तू देण्यासाठी घेतलेल्या आगाऊ रकमेपोटी ३६५ दिवसांच्या आत वस्तू दिली, तर कंपन्यांसाठीच्या २०१४ च्या नियमांनुसार ती रक्कम ठेव ठरत नाही. ती ठेव नसल्याने तिला ठेवीचा विमाही नसतो. २०१९ च्या दिवाळीच्या तोंडावर ठाणे-डोंबिवली परिसरातील एका सराफी पेढीची दुकाने एकाएकी बंद झाली आणि सणासाठी हप्ते भरणारी शेकडो कुटुंबे पोलीस ठाण्यात जाऊन उभी राहिली. अशा प्रसंगी ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे. मात्र मालमत्ता जप्त होऊन पैसे मिळेपर्यंत कित्येक मुहूर्त निघून जातात. ज्यांना सोनेच घ्यावयाचे आहे, त्यांच्यासाठी आजीची रीत अधिक चांगली. ऐपतीप्रमाणे ग्रॅम-दोन ग्रॅमचे हॉलमार्क असलेले वळे वा नाणे घेत जावे. सोने आपल्या हातात येते आणि पुढे भाव चढला तरी तेवढा भाग साधलेला असतो.

बाजारातील पैसा

शेअर बाजार आणि म्युच्युअल फंड यांना संसारात स्थान आहे. परंतु ते ज्या पैशाला तारीख नाही, अशा पैशाला. जानेवारी २०२० मध्ये मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक ४२ हजारांच्या घरात होता. २३ मार्च रोजी, गुढीपाडव्याच्या दोनच दिवस आधी, तो २६ हजारांच्याही खाली बंद झाला. त्याच वर्षीच्या दिवाळीपर्यंत तो पुन्हा पूर्वस्थानी आला. ज्यांना थांबता आले, त्यांचे नुकसान भरून निघाले. ज्यांच्या घरी वैशाखात कार्य होते, त्यांना थांबता येणे शक्य नव्हते.

कर्जरोख्यांचे फंड शांत मानले जातात. तरीही २३ एप्रिल २०२० रोजी, अक्षय्यतृतीयेच्या तीन दिवस आधी, फ्रँकलिन टेम्पल्टन या फंड कंपनीने आपल्या सहा योजना बंद केल्या. गुंतवणूकदारांना पुढे पैसे मिळाले. पण त्यांचे वाटप फेब्रुवारी २०२१ पासून टप्प्याटप्प्याने झाले. पैसा बुडाला नाही, मुहूर्त मात्र बुडाला.

को जागर्ति

लक्ष्मीपूजनाच्या आधी पंधरा दिवस कोजागरी पौर्णिमा येते. त्या रात्री लक्ष्मी पृथ्वीवर फिरते आणि ‘को जागर्ति’, म्हणजे कोण जागे आहे, असे विचारते, अशी आपली श्रद्धा आहे. या प्रश्नाला आजच्या काळात नवा अर्थ आला आहे. चोर आता भिंतीला खिंडार पाडत नाही. तो दूरध्वनीवरून बोलतो. बँकेतून बोलतो, पोलीस खात्यातून बोलतो, खाते बंद पडेल, अटक होईल असे सांगून घाबरवितो आणि भ्रमणध्वनीवर आलेला सांकेतिक अंक विचारून घेतो. कोणतीही बँक असा अंक विचारीत नाही, आणि दूरध्वनीवरून अटक करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. घरातील वडीलधाऱ्यांना हे वारंवार सांगावे. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही घटकांत कळविल्यास पैसा मध्येच अडविला जाण्याची शक्यता असते.

वहीचे एक पान

एवढे सर्व केले, तरी एक गोष्ट राहून जाते. पैसा कोठे आहे, हे घरातील एकाच माणसाला ठाऊक असते. कर्त्या माणसावर अचानक काही प्रसंग आला, तर सुरक्षित ठेवलेली रक्कमही मुहूर्तावर हाती येत नाही. म्हणून प्रत्येक ठेवीवर वारसाचे नाव नोंदवावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतील ठेवीसाठी चार जणांपर्यंत नावे नोंदविण्याची मुभा मिळाली आहे.

व्यापारी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या वहीचे पूजन करतो. आपणही यंदा पूजेच्या वेळी साध्या वहीचे एक पान मांडावे. वर स्वस्तिक काढावे. खाली ठेवीचे ठिकाण, पावतीचा क्रमांक, रक्कम, मुदतीची तारीख, वारसाचे नाव आणि ज्या कार्यासाठी ही रक्कम ठेवली ते कार्य लिहावे. गुप्त अंक मात्र त्यात लिहू नयेत. ते पान पतिपत्नींनी आणि जाणत्या मुलांनी एकदा मिळून वाचावे, त्यावर हळदकुंकू वाहावे आणि वही देव्हाऱ्याजवळील कपाटात जपून ठेवावी.

लक्ष्मी चंचल आहे, असे म्हणतात. चंचल असली तरी जेथे स्वच्छता, नोंद आणि जागरूकता आहे तेथे ती रमते, ही आपली परंपरागत समजूत आहे. वैशाख शुद्ध तृतीयेला हीच लक्ष्मी कोणाच्या घरी नववधूच्या गळ्यात मंगळसूत्र होऊन येईल, कोणाच्या घरी नव्या उंबऱ्यावरील तोरण होऊन येईल. तोवरच्या एकशे ऐंशी दिवसांत कुबेराचे काम आपल्यालाच करावयाचे आहे. ते निष्ठेने पार पाडण्याची बुद्धी श्रीमहालक्ष्मी सर्वांना देवो.